साखरेची नवरी, रंग कुठला?

"तू मास कम्युनिकेशन केलंयस ना? मग तुला हे जमेलच!"

मास कम्युनिकेशनच्या डिग्रीबद्दल लोकांचे जे काही समज असतात, त्यात हा नवाच होता. बोलणारी माझी मावसबहीण. मी तिला ताईच म्हणते. आणि 'हे' म्हणजे तिच्या वेडिंग केकवर उभं राहणारं जोडपं. साखरेचं, हाताने केलेलं.

त्याचं असं झालं, ताई दादरची आणि नवरा वसईचा, कॅथलिक. म्हणजे गेल्या मे महिन्यातल्या त्या लग्नात मुंडावळ्याही होत्या आणि तीन मजली केकही. केक करणार होत्या वसईतल्याच एक आंटी. प्रश्न होता केकच्या माथ्यावरच्या बाहुल्यांचा. बाजारात मिळतात त्यात नवरी पांढऱ्या गाऊनमधली, केस सोनेरी. "यातली मी कोण?" ताई वैतागली. तिला नऊवारीतली नवरी हवी होती. आंटींच्या बोटांना आता बारीक काम झेपत नाही, पण शिकवायला त्या तयार होत्या. आणि फ्रीलान्सरला काय, वेळच वेळ! (असं घरच्यांना वाटतं. डेडलाइन नावाचा प्रकार त्यांना माहीतच नाही.)

तर सलग तीन वीकेंड मी विरारची लोकल पकडून वसईला. सोबत लॅपटॉप आणि प्रचंड टेन्शन.

केकवर माणसं उभी करायची हौस काही आजची नाही बरं का. 1840 साली राणी व्हिक्टोरियाचं लग्न झालं, तेव्हा तिच्या केकवर ब्रिटानिया देवी नवरा-नवरीला आशीर्वाद देत उभी होती. केकचं वजन सुमारे 300 पौंड. गंमत म्हणजे त्या पुतळ्यांच्या अंगावर कपडे होते प्राचीन रोमन थाटाचे! म्हणजे केकवरचं जोडपं खऱ्या जोडप्यासारखं दिसायलाच हवं, असा आग्रह तेव्हाही नव्हता. ही आयडिया माझ्या डोक्यात नंतर फार घोळली. का, ते पुढे सांगते.

आधी कणीक. हो, कणीकच म्हणायची. शुगर पेस्ट म्हणजे आयसिंग शुगर, ग्लुकोज सिरप, थोडं ग्लिसरीन आणि जिलेटिन यांचा मऊ गोळा. (शाकाहारी मंडळी असतील तर पाकीट नीट वाचा, जिलेटिन नसलेलीही मिळते.) पण नुसत्या पेस्टची माणसं करायला गेलात, तर ती शुक्रवार संध्याकाळच्या ऑफिस स्टाफसारखी मान टाकतात. म्हणून 250 ग्रॅमला साधारण एक चमचा सीएमसी पावडर घालायची, मळायची, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर ठेवायची. सकाळी गोळा घट्ट आणि आज्ञाधारक. हातांना कॉर्नफ्लोअर किंवा चिमूटभर वनस्पती तूप चोळायचं. या तुपाचा बोनस असा की मोबाइलला हातच लावता येत नाही. दोन तास नो व्हॉट्सअॅप. सही!

मग खालून वर जायचं. नवऱ्याचे आधी बूट, मग पाय, मग धड. प्रत्येक भाग वाळल्याशिवाय पुढचा नाही. आत कणा म्हणून कच्ची स्पॅगेटीची काडी. टूथपिक नको, कुणा पोराच्या दाताखाली आली तर? चिकटवायला पाण्यात भिजवलेली सीएमसीच, पण ब्रशच्या टोकाएवढी. जास्त लावली की डोकं हळूहळू घसरत खांद्यावर येतं. माझा पहिला नवरदेव असाच लग्नाआधीच झोपला.

नवरी सोपी, असं मला वाटलं होतं. घेरदार गाऊन असता तर सोपीच होती, घेराचा कोन स्वतःच उभा राहतो. पण नऊवारी! पेस्ट कागदासारखी पातळ लाटायची, बारीक काड्यांवर टाकून निऱ्या पाडायच्या, आणि ती वाळून तडकायच्या आत काष्टा घालायचा. जरीसाठी सोनेरी पावडर व्होडकात कालवायची. दचकू नका, पाण्याने साखर विरघळते, व्होडका पटकन उडून जाते.

"आंटी, उरलेल्या व्होडकाचं काय करायचं?"

"बाय, तू आधी निऱ्या बघ!"

आणि सगळ्यात मोठा व्हिलन, वसईचा मे महिना. साखर हवेतलं पाणी पिते. मी हुशारी करून अर्धवट बाहुल्या आंटींच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. बाहेर काढल्यावर दोघंही घामाने निथळत होते, बोट लावलं की चिकट. आंटींनी डोक्यावर हात मारून घेतला. फ्रिज नाही, बंद प्लॅस्टिकचा डबा नाही. पंख्याखाली वाळवायचं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात, उन्हापासून लांब ठेवायचं. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, "मग यात नवीन काय? हलव्याचं तसंच असतं." खरंच की! पहिल्या संक्रांतीला सुनेला साखरेच्या हलव्याचे दागिने घालणारे आपण. पाक थेंबाथेंबाने घालून, मंद आचेवर, हलव्याला काटा आणणारी माझी मावशी या कलेत आंटींच्या तोडीची आहे, फक्त तिने कधी कोर्स फी घेतली नाही.

आता मूळ मुद्द्यावर येते. रंग.

मी क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीतून सामान आणलं, त्यात एक छोटी बाटली होती. लेबलवर लिहिलेलं, 'स्किन'. आतला रंग पीच. आंटींनी चष्मा वर करून बाटली बघितली आणि विचारलं, "स्किन? कोणाची?"

मी हसले. पण त्याच संध्याकाळी मावशीचा फोन आला. "बाहुली जरा उजळ कर हं. फोटोत छान दिसेल."

ताई सावळी आहे. छान, तुकतुकीत सावळी. लहानपणापासून तिला बेसन-हळद लागली, उन्हात जाऊ नकोस ऐकावं लागलं, आणि लग्नाच्या साइटवर मावशीने 'गहू वर्ण' लिहिलं होतं. 2020 साली 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं, त्याच वर्षी 'शादी डॉट कॉम'ने रंग निवडायचा फिल्टर काढून टाकला. आम्ही बहिणींनी टाळ्या वाजवल्या होत्या. पण फिल्टर साइटवरून गेला, मावशीच्या डोक्यातून नाही. आणि खरं सांगू? माझ्याही नाही. कारण मी वाद घातला नाही. म्हटलं, जाऊ दे, केकवरची बाहुली तर आहे, व्हिक्टोरियाची तरी कुठे तिच्यासारखी होती! पीच रंग घातला, नवरी केली, नथ बसवली, फोटो काढून ताईला पाठवला.

दोन मिनिटांत रिप्लाय. "मस्त झालीय गं! कोण आहे ही?"

पुढे स्मायली नव्हता.

बॉस, त्या तीन शब्दांनी माझी झोप उडवली. लग्नाला आठ दिवस उरले होते. आणि इथे एक टेक्निकल भानगड आहे. चेहरा, गळा, हात, पाय, सगळं एकाच गोळ्यातून करावं लागतं, नंतर तोच रंग पुन्हा जुळत नाही. म्हणजे टचअप वगैरे काही नाही. नवरी अख्खी पुन्हा.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली (स्वतःकडूनच) आणि वसई गाठली. आंटी काहीच बोलल्या नाहीत. पांढरा गोळा पुढे सरकवला. टूथपिकच्या टोकावर तपकिरी रंग, मग कणभर पिवळा, त्याहून कमी लाल. मळा, बघा, पुन्हा मळा. शेजारी ताईचा फोटो ठेवला होता, दिवसाच्या उजेडात काढलेला, फिल्टर नसलेला. आंटी म्हणाल्या, "आता थांब. छोटी गोळी करून रात्रभर ठेव. रंग उद्या जरा गडद होतो." मला दुसऱ्या दिवशी रंग थोडा जास्त वाटला, म्हणून चिमूटभर पांढरा मिसळायला गेले. हात थांबला. फोटोशी ताडून बघितलं. रंग बरोबरच होता, माझी नजरच पांढरा शोधत होती.

नवी नवरी मी पाच दिवसांत उभी केली. या वेळी निऱ्या पहिल्या फटक्यात पडल्या. रिसेप्शनला तिला साखरेच्याच वाळवलेल्या चकतीवर उभं केलं, कारण थेट क्रीमवर ठेवलं तर पाय विरघळतात. ताई बघत राहिली. मग तिने नवऱ्याला कोपर मारलं, "बघ, मी!"

मावशीही आली. वाकून, चष्मा लावून, बराच वेळ बघत होती. मी श्वास रोखून उभी. रंगाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. म्हणाली, "नाक मात्र अगदी हिचंच घेतलंयस." आणि केक कापायच्या आधी दोन्ही बाहुल्या स्वतःच्या हाताने उचलून खोक्यात ठेवल्या. त्या आता तिच्या शोकेसमध्ये आहेत.

ती गोरी नवरी माझ्या टेबलावर आहे, लॅपटॉपशेजारी. फेकवत नाही. कुणी घरी आलं की विचारतं, "ही कोण?"

मी सांगते, "माहीत नाही."

तर मंडळी, एखाद्या मैत्रिणीच्या लग्नासाठी हा उद्योग करणार असाल तर जरूर करा. सामान शंभर-दोनशे ग्रॅमपासून मिळतं, हात आपोआप शिकतात. फक्त बाटलीवरचं लेबल वाचून रंग घालू नका. आधी मैत्रिणीकडे नीट बघा.