हरणाचा रंग आणि शिकाऱ्याचे मन

इतिहासाच्या तासाला आम्ही निग्रोधमृग जातकाची कथा सांगत होतो. वाराणसीचा राजा ब्रह्मदत्त मृगयेचा शौकीन. त्याच्यासाठी हरणांचे दोन कळप उद्यानात कोंडण्यात आले. निग्रोध आणि साख हे त्या कळपांचे नायक सोनेरी कांतीचे होते. राजाने ती कांती पाहिली आणि आज्ञा केली, की या दोघांना कोणी मारू नये. उरलेल्यांतून रोज एक हरीण मुदपाकखान्यात जावे. एवढे सांगून आम्ही क्षणभर थांबलो, तोच मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, "सर, उरलेल्या हरणांनी काय गुन्हा केला होता?"

त्या मुलाचा प्रश्न आजही जिवंत आहे. अमेरिकेत, जेथे हरणाची शिकार परवान्याने आणि ठरलेल्या हंगामात करता येते, तेथे दुर्मीळ रंगाच्या हरणास मारावे की मारू नये, हा वाद अनेक वर्षे चालू आहे. पांढऱ्या शेपटीचे हरीण ही तेथील बहुतेक भागांत आढळणारी जात. तिच्यात क्वचित एखादे पाडस संपूर्ण पांढरे, तर एखादे कबरे जन्मते. विस्कॉन्सिन राज्यात पांढऱ्या हरणाची शिकार कायद्याने निषिद्ध आहे. खूर, पायावरील ग्रंथी आणि डोके यांवर अन्य रंग असला तरी चालतो, बाकी अंग मात्र पांढरे हवे. आयोवा राज्यात अंगावरील निम्मे किंवा त्याहून अधिक केस पांढरे असले म्हणजे हरणास अभय मिळते. न्यूयॉर्क राज्यातील सेनेका येथे १९४१ मध्ये लष्करी कोठाराभोवती कुंपण घातले गेले, तेव्हा काही हरणे आत अडकली. पुढे त्यांत पांढरी हरणे दिसू लागली. तेथील अधिकाऱ्याने पांढऱ्या हरणावर गोळी झाडू नये असा आदेश दिला. तपकिरी हरणांची शिकार मात्र चालूच राहिली. परिणामी तो पांढरा कळप एके काळी दोनशेच्या घरात गेला.

आता दुसरी बाजू पाहा. टेक्सास राज्याच्या मध्य भागात याच जातीची काळी हरणे आढळतात. काळे हरीण पांढऱ्याहूनही दुर्मीळ मानले जाते. तथापि विस्कॉन्सिन आणि आयोवाच्या ज्या नियमांनी पांढऱ्यास अभय दिले, त्यांत काळ्यास स्थान नाही. तेव्हा केवळ दुर्मीळतेचा मान राखला जातो, असेही म्हणता येत नाही. माणसाच्या डोळ्यांना जे पवित्र, शुभ्र आणि शुभ वाटते, त्याला जीवदान मिळते, इतकेच.

येथे आपल्या वाचकांस 'वर्ण' हा शब्द आठवल्यावाचून राहणार नाही. परंतु ही तुलना आम्ही जपूनच करतो. शूद्र कोण होते याचा शोध घेणाऱ्या १९४६ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी वर्णभेदाचे मूळ कातडीच्या रंगात शोधणारा आर्य वंशाचा सिद्धान्त पुराव्यांनिशी नाकारला आहे. आमचे म्हणणे एवढेच, की जन्माने लाभलेल्या आणि स्वतः न मिळविलेल्या लक्षणावरून जिवाचे मोल ठरविण्याची खोड जुनी आहे आणि ती हरणांपाशीही थांबलेली नाही.

शास्त्रज्ञांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. पांढरा रंग ही स्वतंत्र जात नव्हे. आईबापांकडून आलेल्या गुणसूत्रांतील तो एक योग आहे. पांढरे हरीण वाचविल्याने हरणांची जात वाचते असे नाही. पूर्वेकडील बहुतेक राज्यांतून लांडगे नाहीसे झाले. हरणे कोट्यवधींच्या घरात गेली. ती जंगलातील कोवळी रोपे फस्त करतात आणि रस्त्यांवर वाहनांखाली येतात. म्हणून तेथील वनखाती शिकारीस संख्या आवरण्याचे साधन मानतात. अनेक कुटुंबे हिवाळ्यासाठी त्या मांसाचा साठाही करतात. हा युक्तिवाद आम्ही पोकळ मानत नाही.

आपल्या समाजास अहिंसेचा उपदेश नवा नाही. ताटातील अन्नावरून माणसाची पायरी ठरविणाऱ्यांनी तो आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकविला आहे. म्हणूनच हरणाचे मांस खाणाऱ्यास केवळ तेवढ्यावरून दोषी ठरविण्यास आमची लेखणी धजत नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी या प्रश्नाची उकल करून ठेवली आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत बुद्धाने भेद केला, असे ते दाखवून देतात. जेथे गरज आहे तेथे सरसकट मनाई नाही. जेथे केवळ इच्छा आहे, तेथे ती हिंसा निषिद्ध होय. ही कसोटी मारणाऱ्याच्या मनाला लागते, मरणाऱ्याच्या रंगाला नव्हे.

ही कसोटी लावली म्हणजे उत्तर स्पष्ट होते. ज्याला मांस हवे, त्याची गरज तपकिरी हरणाने भागते. ज्याला कळपाची संख्या आवरावयाची आहे, त्यालाही तपकिरी हरीण पुरते. मग शंभर हरणांतून जो नेमके पांढरे निवडतो, त्याला काय हवे असते? दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगण्यास मुंडके हवे असते. दुसऱ्या कोणाकडे नाही ते आपल्याकडे आहे, हा मिरविण्याचा आनंद हवा असतो. तेथे गरज संपली आणि निखळ इच्छा उरली. म्हणून आमचे मत असे, की शिकाऱ्याने दुर्मीळ रंगाचे हरीण मारू नये. मग ते पांढरे असो, कबरे असो वा काळे. आणि याच न्यायाने, मिरविण्यासाठी तपकिरी हरीण मारणाराही तितकाच दोषी ठरतो. पांढऱ्याला सोडले म्हणजे करुणा पूर्ण झाली, असे समाधान कोणी मानू नये.

सम्राट अशोकाने हा मार्ग पायरीपायरीने चालून दाखविला. पहिल्या शिलालेखात तो सांगतो, की पूर्वी राजाच्या पाकशाळेत असंख्य प्राणी मारले जात; आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नित्य नव्हे; आणि पुढे हे तीन प्राणीही मारले जाणार नाहीत. आठव्या शिलालेखात तो मृगयेच्या विहारयात्रा सोडून धम्मयात्रा स्वीकारल्याचे नोंदवितो. त्याच आठव्या लेखाचा तुकडा १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आपल्या सोपाऱ्यास सापडला. इच्छा आवरण्याचा तो धडा महाराष्ट्राच्या मातीतही कोरलेला होता, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट होय.

वसतिगृहाच्या या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्यातील एखादा मुलगा मोठ्या पदावर पोहोचला, की बाहेरचे लोक त्याची पाठ थोपटतात आणि म्हणतात, "हा त्यांच्यातला वाटतच नाही." हे सोनेरी हरणास दिलेले अभय आहे. त्या अभयाने कळपावरील बाण थांबत नाहीत. या अंकात यशस्वी माजी विद्यार्थ्यांची छायाचित्रे छापली आहेत, ती छापलीच पाहिजेत. परंतु जे दहावीनंतर गावी परतले, जे आज शेतात, कारखान्यात, रस्त्याच्या कामावर राबत आहेत, तेही याच अंगणातले आहेत, हे आपण विसरता कामा नये.

त्या मुलाला आम्ही कथेचा उरलेला भाग सांगितला. एके दिवशी पाळी एका गाभण हरिणीवर आली. तिच्याऐवजी निग्रोध स्वतः वधस्थानी जाऊन उभा राहिला. राजा विस्मित झाला आणि त्याने दोघांनाही अभय दिले. निग्रोध तेवढ्यावर परत फिरला नाही. आम्ही दोघे वाचलो, पण बाकीच्यांचे काय, असे त्याने राजास विचारले. उद्यानातील सर्व हरणे सुटली, तेव्हा त्याने उद्यानाबाहेरच्यांविषयी विचारले. मग इतर चतुष्पादांविषयी, पक्ष्यांविषयी, पाण्यातील माशांविषयी. जातके आम्ही लोककथा म्हणूनच वाचतो, पूर्वजन्मीची हकिगत म्हणून नव्हे. पण ज्याला स्वतःच्या रंगामुळे अभय मिळाले होते, त्यानेच ते सर्वांसाठी मागावे, हे या कथेचे सार आम्हांस खरे वाटते.

मागच्या बाकावरील तो मुलगा शांतपणे म्हणाला, "म्हणजे सर, त्यानेही माझाच प्रश्न विचारला." होय, बाळा, तुझाच.