ठराव झाले, पाणी कोठें आहे?

आमच्या रायगड जिल्ह्यांत दरसाल सुमारें तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आणि चैत्र-वैशाखांत पेणच्या खारेपाटांतील बाई हंडा घेऊन टँकरची वाट पाहते. इंद्र कोपला, असें आम्हांस कोणीं सांगूं नये! पावसाचें पाणी खाडीस जातें, भरतीचें पाणी झिरपून विहिरी मचूळ होतात, हें खरें. पण त्याच पेण तालुक्यांत हेटवणें धरण आहे, आणि त्याचें पाणी नळानें नवी मुंबईकडे जातें. शहरापर्यंत जाणाऱ्या पाण्यास जवळच्या वाशी-शिर्कीची वाट वर्षानुवर्षें सांपडूं नये, हा दैवाचा खेळ नव्हे. ही माणसांनीं केलेली वांटणी आहे.

या जिल्ह्यास असली वांटणी नवी नाहीं. १९२३ सालीं रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कौन्सिलांत सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. १९२४ सालीं महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केलें, तें कागदावर! २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों लोकांसह तळ्यावर गेले व ओंजळीनें पाणी प्याले, तेव्हां धर्माच्या कैवाऱ्यांनीं काय केलें? पंचगव्याच्या १०८ घागरींनीं तळें 'शुद्ध' केलें. गुरें प्यालीं तर विटाळ नाहीं, माणूस प्याला तर विटाळ! हायकोर्टाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें.

ठरावांस आजही तोटा नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं २०१० सालीं पाणी हा मनुष्यमात्राचा हक्क ठरविला. आपल्या सरकारनें २०१९ सालीं जलजीवन योजना काढून खेड्यांत दर घरीं नळ व माणशीं रोज ५५ लिटर पाणी कबूल केलें. तरी २०२२ सालीं जगांतील सुमारें २२० कोटी माणसांस शुद्ध पाण्याची घरीं शाश्वती नव्हती, असें जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ सांगतात. पाणी भरणारी बहुतेक बाईच. तिची मजुरी बुडते, मुलीची शाळा बुडते, आणि एवढें करून आणलेल्या मचूळ पाण्यांत डाळही शिजत नाहीं.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, २२ मार्चला जलदिनाचीं भाषणें होतील. त्याआधीं ग्रामसभेंत उभे राहून लेखी विचारा: हेटवण्याचें किती पाणी शहरास, किती आमच्या गांवास, आणि हें कोणीं ठरविलें? प्रश्न विचारतांना घरच्या बायांना पुढें बसवा. हंडा त्यांच्या डोक्यावर आहे.