शुक्पा तोडू नका, जाळू नका, आणू नका

लडाख आणि लाहौलला जाणाऱ्या प्रत्येक मराठी पर्यटकाला, ट्रेकिंगच्या ग्रुपला आणि सहल कंपनीला हे कळकळीचं आवाहन आहे. तिथल्या गावांतले विलो आणि पॉप्लर माणसानं पाटाच्या पाण्यावर वाढवलेले असतात. वरच्या कोरड्या उतारावर, साधारण ३००० ते ४००० मीटर उंचीवर, स्वतःच्या बळावर तग धरून असतो तो शुक्पा, म्हणजे ज्युनिपर. इराण, अफगाणिस्तान, बलुचिस्तानातलं झियारत असा विस्तार असलेल्या या वृक्षगटाची पूर्वेकडची झाडं आपल्या देशात आहेत. ती जपणं आपलं काम आहे.

हे झाड जवळून पाहा. खोडाची साल तंतुमय, उभ्या पट्ट्यांनी सुटणारी. रोपाची पानं सुईसारखी टोचतात, तर मोठ्या झाडाची पानं बारीक खवल्यांसारखी डहाळीला चिकटलेली असतात, त्यामुळे पाणी कमी उडतं. निळसर काळी, पांढुरकी झाक असलेली ‘फळं’ खरं तर शंकू आहेत, खवले मांसल होऊन एकजीव झालेले. ते पिकायला एक उन्हाळा पुरत नाही. आतलं बी टणक, लवकर रुजत नाही. रुजलंच, तर शेळ्यामेंढ्यांच्या तोंडातून वाचायला हवं. त्यात नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी, म्हणून एक झाड गेलं की शेजारच्या झाडांचं बीही धोक्यात येतं.

आणि वाढ किती संथ! लखनौच्या बीरबल सहानी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी लाहौलच्या ज्युनिपरची वाढवलयं मोजून १५८४ वर्षांची सलग नोंद उभी केली आणि २००६ साली प्रसिद्ध केली. त्या वलयांत हिमालयाच्या हवामानाचा इतिहास आहे. असं खोड एका रात्रीच्या शेकोटीत गेलं, तर आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही ते परत मिळणार नाही.

स्थानिकांचा या झाडावर पहिला हक्क आहे. घराघरांत त्याचा धूप जळतो, गावदेवतेच्या लातोवर, म्हणजे छोट्या देवस्थानावर, त्याच्या डहाळ्यांची जुडी चढते. लडाखमधल्या हेमिस शुक्पाचन गावच्या लोकांनी जुनी राई श्रद्धेनं राखली आहे, आपल्याकडे देवराई राखतात तशी. पण सरपण, तुळया आणि चराई यांचा भार या विरळ जंगलावर आधीच आहे. २०२० साली अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौल मनालीहून अगदी जवळ आलं आहे. त्या भारात आपल्या गर्दीची भर पडता कामा नये.

म्हणून एवढं कराच. कॅम्पवर लाकडाची शेकोटी नको, असं बुकिंग करतानाच बजावा. आठवण म्हणून डहाळी तोडू नका, धुपाची जुडी विकत आणू नका. गाडी रस्ता सोडून उतारावर घालू नका. सहल कंपन्यांनी हे नियम माहितीपत्रकात छापावेत आणि स्वयंपाकाला गॅस सक्तीचा करावा. वनखात्यानं कोवळ्या रोपांभोवती कुंपण घालावं, गावांच्या हाती रोपवाटिका द्याव्यात आणि हिवाळ्यात पुरेसं इंधन पोचवावं. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी अभ्याससहलीत रोपांची गणना करून ती स्थानिक वनाधिकाऱ्यांकडे सोपवावी.

यंदाच्या सहलीची आखणी सुरू असेल, तर आयोजकाला आजच फोन करा. शेकोटीला लाकूड कुठलं, हे विचारा. ‘शुक्पाचं’ असं उत्तर आलं, तर ती सहल नाकारा, आणि का नाकारली तेही स्पष्ट सांगा.