पट्टा सैल हवा

मोटारींची प्लास्टिकची मॉडेलं जोडणाऱ्या आम्हा मंडळींच्या वाट्याला किटमध्ये एक गोष्ट हमखास कमी येते : सीट बेल्ट. इंजिनाच्या नळ्या, हँडब्रेकचा दांडा, डॅशबोर्डवरचे काटे, सगळं साच्यातून निघतं. बेल्टच्या नावानं मात्र सीटवर एक उंचवटा असतो, नाहीतर पाण्यात भिजवून चिकटवायचं डीकल. पितळी बकलं आणि कापडी पट्ट्यांचे तयार सेट परदेशातून मागवता येतात, पण टपालखर्च आणि कस्टम धरलं की हात आखडतो. मग आम्ही घरात शोधाशोध करतो आणि घरातले लोक शिवणाचा डबा वरच्या फळीवर ठेवतात.

आधी हिशेब. माझं काम एकास चोवीस प्रमाणातलं, म्हणजे फुटाला अर्धा इंच. साध्या गाडीचा पट्टा साधारण ४८ मिलिमीटर रुंद, तो इथं २ मिलिमीटर होतो. रेसच्या गाडीतला खांद्यावरचा तीन इंची पट्टा ३ मिलिमीटरच्या किंचित वर जातो. सॅटिनची अगदी अरुंद रिबन ३ मिलिमीटरची मिळते, तेव्हा रेसवाल्यांचं तरी काम झालं असं वाटतं. रविवार पेठेतल्या लेस-बटणांच्या दुकानात पोरानं विचारलं, “किती रीळ देऊ, काका?” मी म्हटलं, “वीतभर.” त्यानं गल्ल्यावरच्या वडिलांकडे बघितलं. रीळच घ्यावं लागलं.

आणि रिबन दगा देते. खऱ्या पट्ट्याची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आतबाहेर. तिला चोवीसनं भागलं की ०.०५ मिलिमीटर उरते, झेरॉक्सच्या कागदाच्या निम्मी. रिबन याहून बरीच जाड. त्यात वजनाचा घोळ : लांबी चोवीसपट घटली तर वजन १३,८२४ पट घटतं. खरा पट्टा स्वतःच्या भारानं सीटवर लोळतो, कडेवरून खाली ओघळतो. रिबनला भारच नाही. ती मुंजीतल्या नव्याकोऱ्या उपरण्यासारखी फुगून उभी राहते. कडेचे धागे सुटतात ते वेगळंच. त्यावर उदबत्तीच्या निखाऱ्याचा ओझरता स्पर्श पुरतो, पॉलिस्टर वितळून कड बंद होते. पण फुगणं काही जात नाही.

माझं मत विचाराल तर उत्तर औषधाच्या कपाटात आहे. मलमाची ॲल्युमिनियमची ट्यूब संपली की कापून उघडायची, साबणानं धुवायची आणि चमच्याच्या पाठीनं घासून सपाट करायची. त्यावर ड्रेसिंगची पांढरी कागदी चिकटपट्टी लावायची, केमिस्ट जिला मायक्रोपोर म्हणतो ती. मग स्टीलची पट्टी आणि नवं ब्लेड घेऊन २ मिलिमीटरच्या फिती. मायक्रोपोरच्या तंतूंवर पातळ रंग बसला की विणीचा भास होतो, आणि खालचा पत्रा जसा वाकवाल तसाच राहतो. जाडी हिशेबापेक्षा जास्त होते, हे खरं. पण बघणाऱ्याला जाडी कळत नाही, ताठपणा लगेच कळतो. गोळ्यांच्या पाकिटामागची चंदेरी पन्नी मात्र घेऊ नये, ती कडक असते आणि घडीवर तडकते.

बकलासाठी बिघडलेल्या चार्जरच्या वायरमधली एक सुटी तार, घड्याळजीच्या पेचकसाच्या टोकाभोवती वळवून चौकोनी केलेली. बकलाचं झाकण कोल्ड्रिंकच्या कॅनच्या पत्र्याचं. लाल बटणाला टोकदार टूथपिकनं नेलपॉलिशचा ठिपका. गोंद फेव्हिकॉलच बरा. सुपरग्लूच्या वाफेनं जवळच्या काचा पांढुरक्या होतात.

एवढं जमलं की खरा प्रश्न येतो : पट्टा ठेवायचा कसा? मुलीनं एकदा विचारलं, “बाबा, पण यात बसणार कोण?” कोणीच नाही. मॉडेलमधल्या गाडीत माणूस नसतो, तो होता याचा पुरावा हा पट्टाच. म्हणून दोन्ही पट्टे छातीवर नीट जुळवलेली गाडी मला शोरूममधली वाटते. एक खांद्याचा पट्टा सीटमागे, दुसरा दाराच्या उंबऱ्यावर, बकल उलटं पडलेलं, म्हणजे कोणीतरी घाईनं उतरलंय.

त्यासाठी गाडीचा काळ माहीत हवा. जिम क्लार्कच्या १९६७ सालच्या लोटस ४९ मध्ये पट्टे घातले तर ती चूक. फॉर्म्युला वनमध्ये ते सक्तीचे झाले १९७२ मध्ये. योखन रिंट मधल्या काळातला. मांड्यांमधून वर येणारा पट्टा तो बांधत नसे, आग लागली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून. ५ सप्टेंबर १९७० ला माँझाच्या सरावात त्याची लोटस ७२ कठड्यावर आदळली, तो पट्ट्याखाली घसरला आणि बकलानं गळ्याला जीवघेणी इजा झाली. त्या वर्षीचं विश्वविजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं. त्या दिवसाची गाडी करताना मधला पट्टा बकलाला जोडून कसं चालेल? याच्या उलट १९५९ च्या व्होल्वोत पट्टा दिमाखानं दिसायला हवा. पूर्वी साबमध्ये विमानाच्या इजेक्शन सीटवर काम केलेल्या निल्स बोलीननं एका हातानं लावता येईल असा तीन टोकांचा पट्टा त्या वर्षी तिथं आणला, आणि कंपनीनं त्याचं पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं.

सध्या टेबलावर मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी आहे, खेळण्यातली, आतून पोखरलेली. यातली शेवटची टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. माप चोवीसाचं नसल्यानं हिशेब नव्यानं मांडावा लागला. चालकाचा पट्टा बकलात अडकवायचा नाही, हे मात्र आधीच ठरलंय. सिग्नलवर पोलीस दिसला की छातीवरून ओढून हातानं धरायचा आणि पुढं गेल्यावर सोडून द्यायचा, अशा पट्ट्याला मधोमध मळकट चकाकी असते. ती पेन्सिलीच्या शिश्याची पूड बोटानं चोळून येते. मागच्या सीटला पट्टेच नव्हते, तेवढी एक संध्याकाळ वाचली.