चला, इंग्रजी शिकू या : ‘प्रफेस’ आणि ‘डीम्ड’



या वेळचे शब्द बाहेरून आणायचे नाहीत. ते आपल्या घरातच आहेत. पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला जातीचा दाखला बाहेर काढा. केंद्र सरकारच्या नोकरीसाठी इंग्रजी नमुन्यातला दाखला लागतो, तो असेल तर उत्तमच. मुलांना तो मोठ्याने वाचायला सांगा. या कागदासाठी आपण कचेरीचे किती खेटे घालतो, पण त्यावर काय लिहिले आहे ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे थोडेच.

सुरुवातीलाच ‘धिस इज टु सर्टिफाय दॅट’ असे येते. म्हणजे ‘दाखला देण्यात येतो की’. सर्टिफाय म्हणजे खात्रीपूर्वक लिहून देणे, त्यावरूनच सर्टिफिकेट. इथे फार थांबायला नको.

पुढे ‘बिलाँग्ज टु’ आहे.
‘धिस बुक बिलाँग्ज टु रमा.’ – हे पुस्तक रमाचे आहे.
‘ही बिलाँग्ज टु अ पुअर फॅमिली.’ – तो गरीब कुटुंबातला आहे.
दाखल्यावर याच शब्दांपुढे जातीचे नाव असते. ज्या घरात जन्मलो ते घर आपण निवडलेले नसते, तरी त्यासाठी इंग्रजीत हेच क्रियापद चालते. हे ध्यानात ठेवा, कारण आता जे क्रियापद येणार आहे ते नेमके याच्या उलट आहे.

दाखल्यावर ‘कॉन्स्टिट्यूशन शेड्यूल्ड कास्ट्स ऑर्डर, १९५०’ असा उल्लेख असतो. हा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जाती कोणत्या, ते या आदेशाने ठरते. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य आहे. आपल्या समाजाच्या दोन पिढ्यांचे नशीब या एका वाक्यावर टांगलेले होते, म्हणून ते मुलांकडून पाच वेळा वाचून घ्या :

‘नो पर्सन हू प्रफेसेस अ रिलिजन डिफरंट फ्रॉम द हिंदू, द सिख ऑर द बुद्धिस्ट रिलिजन शॅल बी डीम्ड टु बी अ मेंबर ऑफ अ शेड्यूल्ड कास्ट.’

अर्थ : जी व्यक्ती हिंदू, शीख किंवा बौद्ध धर्माहून वेगळा धर्म मानते, ती अनुसूचित जातीची आहे असे मानले जाणार नाही.

मराठीत ‘मानणे’ दोनदा आले, पण इंग्रजीत शब्द दोन आहेत आणि दोघांचे काम वेगळे आहे. आधी ‘प्रफेस’ घेऊ. उच्चार करताना जोर ‘फेस’वर द्यायचा. मूळ लॅटिन. ‘प्रो’ म्हणजे पुढे, सर्वांसमोर. ‘फेस’ म्हणजे सांगणे, कबूल करणे. चारचौघांत छातीठोकपणे सांगणे म्हणजे प्रफेस. मनातल्या मनात मानणे याला ‘बिलीव्ह’ म्हणतात. घराचे दार लावून बुद्धवंदना म्हटली तर ते बिलीव्ह होईल. जनगणनेच्या माणसाला दारात उभे राहून ‘लिहा, बौद्ध’ असे सांगितले तर ते प्रफेस.

‘माय मदर प्रफेसेस बुद्धिझम.’ – माझी आई आपण बौद्ध असल्याचे उघड सांगते आणि तसे वागते.
‘ही प्रफेसेस इक्वालिटी बट टेक्स डाउरी.’ – तो तोंडाने समतेची भाषा बोलतो, पण हुंडा घेतो.

दुसऱ्या वाक्यात शब्दाला जरा टोमण्याचा वास आहे. इंग्रजीत हा शब्द असाही वापरतात, आणि असे नमुने आपल्यातही कमी नाहीत.

याच घराण्यातला शब्द ‘प्रोफेसर’. ज्ञान सर्वांसमोर मांडणारा तो प्रोफेसर. बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्रोफेसर झाले, हे मुलांना माहीत असते. शब्दाचा अर्थही आता माहीत होईल. ‘प्रोफेशन’ म्हणजे पेशा, तोही यातलाच. आणि ‘कन्फेस’ म्हणजे गुन्हा कबूल करणे. एका मुळातून चार शब्द मिळाले. शब्द असे कुटुंबासह पाठ केले की विसरत नाहीत.

आता या शब्दाने काय केले ते पाहा. १९५० च्या मूळ आदेशात बौद्ध हे नाव नव्हते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपल्या लोकांनी लाखोंच्या संख्येने उघड्या मैदानात, उघड्या आवाजात धम्म स्वीकारला. प्रफेस करणे याहून वेगळे ते काय असते? आणि तेवढ्यामुळेच केंद्राच्या लेखी ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत. महाराष्ट्र सरकारने १९६० साली आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राची नोकरी आणि राखीव मतदारसंघ यांची दारे बंदच होती. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव जागेवर डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, सबब ते या जागेला पात्र नाहीत, असा वाद निघाला आणि तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. ‘पंजाबराव विरुद्ध मेश्राम’ या नावाने तो निकाल ओळखला जातो. कोर्टाला ठरवायचे होते ते याच शब्दाचे माप. कोर्टाने अर्थ लावला : उघडपणे जाहीर करणे किंवा आचरणात आणणे. जो आपण हिंदू राहिलो नाही असे सांगतो, त्याला या आदेशाचा लाभ नाही. मेश्रामांची जागा गेली.

वाक्यात ‘बुद्धिस्ट’ हा एक शब्द घातला गेला तो १९९० साली, विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारच्या काळात. शिखांचा शब्द १९५६ सालीच आला होता. आपल्या एका शब्दाला चौतीस वर्षे लागली. ज्यांची नोकरीची वये त्या चौतीस वर्षांत निघून गेली, असे आजोबा आजही काही घरांत असतील. त्यांना विचारा, ते हा शब्द कोणत्याही डिक्शनरीपेक्षा चांगला समजावून सांगतील.

आता ‘डीम्ड’. डीम म्हणजे समजणे, धरून चालणे. पण हे साधे ‘थिंक’ नव्हे. प्रत्यक्षात काहीही असो, कायद्याने अमुक आहे असे धरायचे, याला डीम्ड म्हणतात. सरकारी मराठीत ‘समजण्यात येईल’ असते, तिथे इंग्रजीत बहुधा हाच शब्द असतो.

‘इफ यू डू नॉट रिप्लाय, यू शॅल बी डीम्ड टु हॅव ॲग्रीड.’ – उत्तर दिले नाही, तर आपली संमती आहे असे समजण्यात येईल.

कामगार बंधूंनो, हे वाक्य कारखान्याच्या नोटिशीत आले तर ते सही करून खिशात घालायचे नाही. गप्प बसलात तरी ‘हो’ म्हटल्यासारखे होते. आणि ‘शॅल’ इथे भविष्यकाळाचा नाही, सक्तीचा आहे. ‘मे’ असते तर तसे धरायचे की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर राहिले असते. क्लार्कच्या टेबलावर वर्षे काढल्यावर मला वाटू लागले आहे की ‘शॅल’ आणि ‘मे’ यांतला फरक शाळेत ग्रामरच्या आधी शिकवावा.

दाखल्यावर खाली ‘ऑर्डिनरिली रिसाइड्स’ असे शब्द असतात. ऑर्डिनरी म्हणजे साधा, म्हणून ‘साधेपणाने राहतो’ असा अर्थ मुले करतात. तसे नाही. ऑर्डिनरिली म्हणजे एरवी, सर्वसाधारणपणे. रिसाइड म्हणजे वास्तव्य करणे. याचा अर्थ १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या विसाव्या कलमाप्रमाणे घ्यायचा, अशी टीप त्या नमुन्यातच असते. ते कलम सांगते की एखाद्या गावी नुसते घर मालकीचे आहे एवढ्यावर माणूस तिथला रहिवासी समजला जात नाही; उलट काही काळासाठी बाहेर गेला म्हणून त्याचे रहिवासीपण जातही नाही. ऊसतोडीला, वीटभट्टीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे दुसरे वाक्य पक्के लक्षात ठेवावे.

एक गोष्ट फॉर्म भरताना. ‘रिलिजन’ आणि ‘कास्ट’ असे दोन रकाने असतात. धर्माच्या रकान्यात ‘बुद्धिस्ट’ लिहायचे. जातीच्या रकान्यात आपली मुले ‘नवबौद्ध’ लिहितात. केंद्राच्या यादीत महार हे नाव आहे, नवबौद्ध हे नाव नाही. जुने नाव लिहिताना हात जड होतो, हे मी जाणतो. पण कास्टचा रकाना ‘बिलाँग्ज’चा आहे आणि रिलिजनचा रकाना ‘प्रफेस’चा. एकाचे उत्तर दुसऱ्यात लिहिले की अर्ज परत येतो.

या आठवड्याचा अभ्यास. मराठीत अर्थ लिहा :
१. ‘द लीव्ह शॅल बी डीम्ड टु बी सँक्शन्ड.’
२. ‘माय अंकल ऑर्डिनरिली रिसाइड्स इन लातूर बट वर्क्स इन पुणे फॉर फोर मंथ्स.’
३. ‘दे प्रफेस्ड देअर फेथ इन पब्लिक.’

तिसऱ्या वाक्यातल्या ‘फेथ’ शब्दासाठी ‘श्रद्धा’ लिहावे की ‘धम्म’, यावर घरात चर्चा करा आणि मग लिहा. उत्तरे पुढील अंकात.