निद्रिस्त जाळ्याला जाग

अमेरिकेतील बेसबॉल खेळाडू रॉब समर्स यांना २००६ मध्ये मोटारीची धडक बसली. मज्जारज्जूला इजा झाली आणि छातीखालील हालचाल थांबली. २००९ च्या डिसेंबरात लुईव्हिल येथे त्यांच्या मज्जारज्जूच्या आवरणावर सोळा विद्युत्-अग्रांची पट्टी बसवण्यात आली. प्रवाह सुरू असताना ते स्वतःचा भार पेलून काही मिनिटे उभे राहू लागले. पुढे पायही इच्छेनुसार हलवू लागले. प्रवाह थांबला की हालचालही थांबे.

वीज तुटलेले तंतू सांधत नाही. इजेखाली शाबूत राहिलेल्या मज्जातंतूंच्या जाळ्याला ती सजग करते. मग मेंदूचा क्षीण संदेशही तेथे पोहोचतो. बँकेच्या भाषेत, खाते बंद नव्हे, निष्क्रिय झालेले असते.

मात्र शस्त्रक्रियेपूर्वी समर्स यांनी सव्वीस महिन्यांत चालण्याच्या सरावाची १७० सत्रे पूर्ण केली होती, आणि नंतरही सराव सुटला नाही. म्हणून ‘यंत्र बसवा, चालू लागा’ असे आश्वासन देणाऱ्यापासून कुटुंबाने सावध राहावे. सांधे आखडू न देणे, त्वचा जपणे, नित्य व्यायाम, ही आजची पुंजी आहे. उद्याचा उपचार तिच्यावरच उभा राहील.