जुन्या युद्धनौकांतला अ‍ॅस्बेस्टॉस : नौसैनिकाला भरपाई, आणि जहाज तोडणाऱ्याला?

२६ जून २०२५ रोजी जहाजतोडणीविषयीचा हाँगकाँग करार अमलात आला. जहाज भंगारात काढण्याआधी त्यात कोणते घातक पदार्थ कुठे आहेत याची यादी आता करावी लागते, आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचा नंबर वरचा आहे. बातम्या आल्या, अलंगचं नाव झळकलं. एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगितली नाही. हा करार युद्धनौकांना लागू नाही. आपल्या देशाच्या २०१९ च्या जहाज पुनर्चक्रण कायद्यातले घातक पदार्थांवरचे निर्बंधही युद्धनौकांना लागू नाहीत.

म्हणजे ज्या जहाजांत हे विष ठासून भरलं होतं, तीच मोकळी!

वाफेवर चालणाऱ्या युद्धनौकेत बॉयलर, टर्बाइन आणि मैलोन् मैल गरम पाइप असत. आग लागू नये आणि उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांच्यावर अ‍ॅस्बेस्टॉसचे जाड थर गुंडाळत. साधारण १९३० पासून सत्तरच्या दशकापर्यंत मोठ्या नौदलांत हीच रीत होती. नौसैनिक त्याच पाइपांखाली झोपत. दुरुस्तीला थर फोडला की बंद जागेत धूळ उडायची. ती धूळ कपड्यांवरून घरी जायची, आणि नवऱ्याचे कपडे धुणाऱ्या बायकाही पुढे आजारी पडल्या. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसात गेला की लगेच काही होत नाही. मेसोथेलिओमा हा फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर वीस ते पन्नास वर्षांनी डोकं वर काढतो. तोवर माणूस निवृत्त होऊन नातवंडांत रमलेला असतो. निदान झाल्यावर बहुतेकांच्या हातात वर्ष-दीड वर्षच उरतं.

ब्रिटनमध्ये यावरून जे झालं ते समजून घेण्यासारखं आहे. तिथल्या १९४७ च्या कायद्यामुळे सैनिकाला नोकरीतल्या इजेबद्दल सरकारवर दावा लावता येत नव्हता. ही आडकाठी १९८७ मध्ये निघाली, पण मागच्या काळासाठी नाही. त्यामुळे एकाच बॉयलर रूममध्ये काम केलेला गोदीतला नागरी कामगार कोर्टात जाऊ शकत होता, आणि नौसैनिक नाही. नौसैनिकाला मिळायची ती वॉर पेन्शन, दर आठवड्याची. जेमतेम वर्षभर जगणाऱ्या माणसाला आठवड्याच्या पेन्शनचा काय फायदा? विधुर किंवा एकटा असेल तर त्याच्या पश्चात घरच्यांना जवळजवळ काहीच नाही. माजी सैनिकांच्या रॉयल ब्रिटिश लीजन या संस्थेने हा प्रश्न लावून धरला. शेवटी डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने एकरकमी १ लाख ४० हजार पौंडांचा पर्याय जाहीर केला. सुरुवातीला तो नव्याने निदान होणाऱ्यांपुरताच होता. ओरड झाल्यावर आधी निदान झालेल्यांनाही घेतलं.

अमेरिकेतही सैनिक सरकारवर दावा लावू शकत नाही, तिथल्या सुप्रीम कोर्टाचा १९५० चा निकाल तसा आहे. मग लोक कंपन्यांच्या मागे लागले. २०१९ मध्ये दोन नौसैनिकांच्या कुटुंबांच्या खटल्यात त्याच कोर्टाने ठरवलं की यंत्राला अ‍ॅस्बेस्टॉस लागणार हे माहीत असलेल्या कंपनीवर, तो थर तिने स्वतः बसवला नसला तरी, धोक्याची सूचना देण्याची जबाबदारी येऊ शकते. सरकारी भरपाईसाठी तिथे नौसैनिकाचं जहाजावरचं काम पाहतात. बॉयलर सांभाळणारा असेल तर संपर्क 'अतिशय संभाव्य', कार्यालयातला असेल तर कमी. म्हणजे सगळा खेळ जुन्या नोंदींवर. नौदल नोंदी ठेवतं, म्हणून चाळीस वर्षांनंतरही माणूस अमुक जहाजावर अमुक कामाला होता हे सिद्ध होतं.

आता आपल्याकडे या. आपली 'विराट' ही मुळात ब्रिटनची 'हर्मीस', १९५९ मध्ये तिथल्या नौदलात दाखल झालेली. 'विक्रांत'ही ब्रिटनमध्येच बांधलेली. 'विक्रांत' २०१४ मध्ये साधारण ६० कोटींना विकली गेली आणि मुंबईत दारूखान्याला तुटली. 'विराट' २०२० मध्ये अलंगला गेली. त्याआधी २००६ मध्ये फ्रान्सची 'क्लेमान्सो' अलंगच्या वाटेवर होती. तिच्यातल्या अ‍ॅस्बेस्टॉसवरून एवढा गदारोळ झाला की राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी ती परत बोलावली. पुढे ती ब्रिटनमध्ये हार्टलपूलला तोडली गेली. 'विक्रांत'च्या पोलादाची मात्र गोष्टच वेगळी. त्यातून मोटारसायकल निघाली आणि तिच्या जाहिराती आपण सगळ्यांनी पाहिल्या. लोखंड कुठे गेलं हे देशाला ठाऊक आहे. पाइपांवरचा थर कुणी हाताने सोलला, त्याचं नाव कुठे लिहिलंय?

दारूखान्यात बहुतेक मजूर उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, ओडिशाचे, ठेकेदाराकडचे. आज या जहाजावर, उद्या त्या. आपल्या सुप्रीम कोर्टाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यांना सांगितलं होतं की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपा. आजाराची चाल ओळखूनच हा आकडा आला. शिवाय अ‍ॅस्बेस्टोसिस आपल्याकडे कर्मचारी भरपाईच्या कायदेशीर तरतुदींत व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. पण ठेकेदाराच्या वहीतल्या मजुरापर्यंत हे पोहोचायचं कसं? आमच्या मते पहिली मागणी हीच हवी : युद्धनौकांचा अपवाद काढा, आणि तोडणीवर लावलेल्या प्रत्येकाचं नाव आणि काम नोंदवा.

रत्नागिरी-रायगडच्या आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या माणसं जहाजावर गेली, कुणी नेव्हीत, बरेच मर्चंटमध्ये. त्या काळच्या व्यापारी जहाजांतही हाच थर असायचा. तेव्हा घरातल्या बुजुर्गांची सीडीसी, डिस्चार्जचे कागद, गोदीचा जुना पास, नेव्हीचं सर्व्हिस बुक, अब्बांच्या इंतकालनंतर पेटी आवरताना रद्दीत टाकू नका. माजी नौसैनिकाला ईसीएचएसवर इलाज मिळतो, पण अपंगत्वाची पेन्शन मागायची तर आजार नोकरीमुळे झाला किंवा वाढला हे दाखवावं लागतं. दम लागतो, सुका खोकला जात नाही म्हणून डॉक्टरांकडे गेलं की ते विडी-सिगारेटचं विचारतात. कोणत्या साली, कोणत्या जहाजावर, इंजिन रूममध्ये की डेकवर, हे आपणच सांगायचं आणि केसपेपरवर लिहून घ्यायचं.